यादीत खाली राहिलेली जपानी बाई

सोलापुरात मुलींना फुटबॉल शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मला स्टाफरूममध्ये रोज ऐकवलं जातं. मी शाळेत पीटी शिकवते. गेल्या वर्षी मैदानाची भिंत रंगवायला काढली आणि तिच्यावर एका खेळाडूचं मोठं चित्र काढायचं ठरलं. माझ्या मुलींनी एकमुखानं एक जपानी फुटबॉलपटू सुचवली. निवृत्त झालेली, बुटकी, बचावफळीत खेळणारी. तिचे जुने व्हिडिओ दाखवूनच मी त्यांना घसरत जाऊन चेंडू काढायला शिकवलं होतं. संघातली सगळ्यात ठेंगणी पोर तर केसही तिच्यासारखेच बांधायची.

संस्थेच्या अध्यक्षांनी मोबाइल काढला. कुठल्याशा वेबसाइटवर खेळाडूंच्या लोकप्रियतेची क्रमवारी होती. ते अंगठ्यानं यादी खाली सरकवत राहिले. पुढ्यातला चहा निवला तरी बाई काही सापडेनात. सापडल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, आठ दिवस देतो. हिला जरा वर आणा, मग बघू."

ते थट्टा करत होते, आम्ही मूर्खासारखं खरं धरलं. खेळाडूचं पान जास्त लोकांनी बघितलं की नंबर वर जातो, असं त्या वेबसाइटवर लिहिलंच होतं. मग काय, पोरींनी घरोघरचे फोन ताब्यात घेतले. एकीची आई विड्या वळते, एक बंडल झालं की ती फोनवर एकदा बाईंचं पान उघडायची आणि लेकीला विचारायची, "आली का गं वर तुमची बाय?" मीसुद्धा भाजी घेताना, रिक्षात बसल्यावर तेच करत होते. आठव्या दिवशी बघितलं, तर बाई होत्या त्याहून खाली गेलेल्या. जिनं जन्मभर कुणाला पुढं जाऊ दिलं नाही, तिला टाकून सगळे पुढं गेले होते. असा संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

अध्यक्ष मैदानावर आले आणि एका क्रिकेटपटूचं चित्र ठरलं असं सांगून मोकळे झाले. वर म्हणाले, "जिला कुणी ओळखत नाही, तिला भिंतीवर काढून काय उपयोग?"

ठेंगणी पोर पुढं सरकली. "आमाला तरी कोण वळखतंय, सायेब? मग आमी बी हितं खेळायचं न्हाय का?"

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मुलींनीही बघितलं. बरोबर बोलत होती ती. मला फक्त तेवढंच म्हणायचं होतं. पण मला नोकरीत कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर पडून होती. मी पोरीवर डाफरले, "मोठ्यांशी असं बोलतात का? माफी माग आधी."

तिनं मागितली.