जतनबाईंनी दही सोडलं

रिसोडला आमच्या गल्लीत जतनबाई एकट्या राहतात. वय एकोणऐंशी. यजमान पूनमचंदजी गेले, त्यांचं किराणा दुकान बंद झालं, मुलगा पियूष पुण्याला. रोज अर्धा लिटर दूध, त्यातलं निम्मं विरजायचं. जैनांत दह्याला वेळेची मर्यादा असते. ती उलटली की खायचं नाही. एकटीला संपत नाही, टाकवतही नाही. म्हणून मर्यादेच्या आत, चारच्या सुमारास, उरलेलं वाटीत घेऊन त्या माझ्याकडे यायच्या. तासभर बसायच्या. मंदिराखेरीज त्यांचं बाहेर पडणं एवढंच.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एकदा त्या आल्या, तर वाटीत दूध तसंच.

"बाई, तीन दिवस झाले, दही लागूनच नाही राह्यलं. मेले का त्यातले जीव? माह्या हातानं?"

मी कॉलेजात तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं. गप्प बसवतं कुठे? म्हटलं, "मरतात कशाला! थंडीनं त्यांच्या आवरणातली चरबी घट्ट होते. ते कळलं की वाढ थांबवतात, थंडीपुरती वेगळी प्रथिनं करतात, चरबी सैल करतात. जमलं की हळूहळू पुन्हा कामाला."

"पण त्यायले कळते कसं? डोळे नाही, कान नाही."

"आवरणालाच कळतं."

"म्हंजे स्पर्श. एकच इंद्रिय, एकेंद्रिय जीव! प्रवचनात महाराजसाहेब हेच सांगतात."

"बरोबर सांगतात," मी खुशीत म्हटलं. भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळा, एवढंच सांगायला हवं होतं.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले.

"दह्याचा त्याग केला. जल्मभर."

"अहो, आजवर खाल्लंच ना?"

"तवा मले मालूम नव्हतं, त्यायले थंडी वाजते म्हणून. तुमीच तं सांगतलं."

"वाजते नाही हो, कळते म्हटलं!"

"कळली म्हंजे वाजलीच नं."

मी म्हटलं, "बरं, दही नको. नुसत्याच या."

"रिकाम्या हातानं? कायले? लोक म्हणतीन, म्हातारी टाइमपास करत हिंडून राह्यली."

मग मीच जाऊ लागले. चार दिवस गेले. त्या उकळून गार केलेलं पाणी द्यायच्या, समोर बसायच्या. पूर्वी बोलणं दह्यावरून निघायचं: आज आंबट झालं, पियूषला कसं साखर घालून लागायचं. आता सुरुवात कुठून करावी, दोघींनाही सुचेना. पाचव्या दिवशी माझे गुडघे दुखत होते, गेले नाही. त्यांनी विचारलं नाही.

आता त्या पाव लिटरच दूध घेतात, आणि चार वाजताच दार लावतात.