पुढच्या चाकांचा जोर

वडिलांच्या डिझेल पिकअपचा सगळा जोर मागच्या चाकांना होता. पुढची चाके वळायची, ओढायची नाहीत. वरोऱ्याच्या बाजारात कापूस नेण्यासाठी तेवढे पुरत होते. वडील गेल्यावर गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली. पुढे नागपूरच्या वर्तमानपत्राची मी काम करायचो ती आवृत्ती बंद झाली आणि मीही त्याच अंगणात परतलो. घरात दुसरे कोणी नव्हते.

मोठी बहीण जिवती तालुक्यातल्या एका डोंगरी गावात राहते. तिथल्या शाळेत तिने नोकरी केली, निवृत्तीनंतर तिथेच थोडी जमीन घेऊन तूर आणि ज्वारी लावली. गावात आमच्या समाजाची मोजकी घरे आहेत आणि पत्र्याच्या छताचे एक विहार. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की अश्विन पौर्णिमेपर्यंत तिथे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचते ताई. इतर कोणी वाचू शकत नाही असे नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिनेच अक्षरओळख करून दिलेली आहे आणि त्यांना तिचाच आवाज लागतो.

आमच्या घरीही पूर्वी वाचन व्हायचे. परतल्यावर पहिल्या वर्षी मी ग्रंथ काढला, दोन पाने मोठ्याने वाचली आणि ठेवून दिला. ऐकायला दुसरा माणूस लागतो.

त्याच पावसाळ्यात ताईला न्यूमोनिया झाला. तिच्या गावाच्या बरेच खाली डांबर संपते. पुढे काळ्या मातीचा चढ, त्यात मधे मधे उघड्या खडकाचे पट्टे, मग नाला. रुग्णवाहिका चढाच्या पायथ्याशी थांबली. बैलगाडी रुतली. शेवटी माणसांनी तिला खाटेवरून खाली आणले. ती बरी झाल्यावर नातेवाईक वरोऱ्यात आमच्या घरी जमले आणि तिने आता भावाजवळ राहावे असे त्यांनी ठरवले. तिने सगळ्यांचे ऐकून घेतले.

“पुढच्या पावसात गाडी माह्या दारापर्यंत आली, तं मी तिथीच राहीन,” ती म्हणाली. “वर्षावास लागेपर्यंत नाई आली, तं सामान घेऊन येते इथी. मंग कोनी काई बोलाचं नाई.”

सगळ्यांनी ते मान्य केले. मग ती माझ्याकडे वळली. “तुह्याकडे गाडी हाये ना रे?”

अशा रीतीने काम माझ्याकडे आले. गाडी चढली तर ताई वर राहणार होती. नाही चढली तर ती माझ्या घरी येणार होती.

उन्हाळाभर गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर उभी होती. पुढचा जुना आस काढला. त्याच जातीच्या, अपघातात मोडलेल्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीचा आस नागपूरच्या भंगार बाजारात मिळाला होता. त्याच गाडीची ट्रान्सफर केसही आणली. इंजिनाचा जोर पुढे आणि मागे वाटणारी ही पेटी गिअरबॉक्सच्या मागे बसते. ती बसवण्यासाठी मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे आसापर्यंत जोर नेणारा फिरता दांडा, कापून आखूड करावा लागला आणि पुढच्या आसासाठी नवा जोडावा लागला. जड वस्तू उचलायला कडुनिंबाच्या फांदीला चेनपुली बांधली होती. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीसाठी काही खेपा झाल्या. तो भाग कंटाळवाणा आहे.

समोरच्या गल्लीतला वेल्डर शाफ्ट जोडून द्यायला आला तेव्हा मी गाडीखाली होतो. त्याला फक्त माझे पाय दिसत होते.

“भाऊ, पेपरवाला गाडीखाली निजलेला पयल्यांदाच पाहून राह्यलो.”

“काम चालू आहे.”

“चारही चाकं वढतीन, मंग जासान कुठी?”

“ताईकडे. पावसात.”

तो गाडीजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, “तं ताईलेच इथी आना ना. हे सारं खोलाचं कामच नाई.”

मी पाना मागितला. त्याने दिला.

त्याच दिवसांत मी पूर्वेकडची खोली रंगवून घेतली. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, खिडकीला नवी जाळी लावली, आईचा पलंग पुसून तिथे हलवला. दोन्ही तयाऱ्या एकाच अंगणात चालल्या होत्या. वेल्डरने खोली पाहिली. जाळीची चौकट हाताने हलवून पाहिली आणि तो कामाला लागला.

अशा कामात एक मोजणी टाळता येत नाही. चाक एकदा फिरताना शाफ्ट जितक्या वेळा फिरतो, तो आकडा पुढे आणि मागे सारखाच असावा लागतो. नाहीतर दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढतात. मोजायची रीत सोपी आहे. शाफ्टवर खडूची खूण करायची आणि आसाची दोन्ही चाके बरोबर फिरवायची. पण त्याला दोन माणसे लागतात, दोन बाजूंना. एकट्याने करायचे तर एक चाक दोरीने बांधून दुसरे दोनदा फिरवायचे. मी तसे केले. पुढे आणि मागे, दोन्हीकडे शाफ्ट चारच्या वर थोडा फिरला. मी ते पुरेसे धरले.

गाडी घोड्यांवरून उतरली त्या दिवशी तिला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या डांबरी रस्त्यावर नेले. चारही चाकांना जोर देणारा लिव्हर टाकला. थोडे अंतर ती बरी गेली. मग स्टिअरिंग जड झाले, टायर रस्त्यावर ओरडू लागले. लिव्हर परत काढायला गेलो तर तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला तरी नाही. गाडी मागे घेतली तेव्हा खालून मोठा आवाज झाला आणि लिव्हर सुटला.

वेल्डर सायकल धरून उभा होता. “फसली ना, भाऊ?”

“मोजणीत फरक आहे.”

“कोनं मोजली?”

“मीच.”

“मंग मले काऊन नाई बोलावलं?”

त्या संध्याकाळी गाडी पुन्हा घोड्यांवर चढली. डाव्या चाकाशी तो बसला, उजव्या चाकाशी मी. एका फेरीऐवजी दहा फेऱ्या मोजल्या. पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा जवळजवळ तीन फेऱ्या जास्त फिरला. एका फेरीत हा फरक पाव फेरीच्या आसपास होता, आणि ‘चारच्या वर थोडा’ म्हणून मी तो सोडून दिला होता. चिखलात चाके घसरतात, तिथे तो खपून गेला असता. ताईच्या चढावरच्या खडकावर आसातले दाते तुटले असते.

आकाश भरून येत होते. पौर्णिमा जवळ आली होती. गाडी होती तशी ठेवली असती तर कोणाला काही सांगावेही लागले नसते. काम जमले नाही, एवढे पुरले असते. नातेवाईकांना ते आवडलेच असते. मी पूर्वेच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, थोडा वेळ उभा राहिलो आणि बंद केली.

दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो. मागच्या आसाशी जुळणारी क्राऊन-पिनियनची जोडी, म्हणजे आसाच्या पोटातली दात्यांची दोन चाके, शोधून आणली. बसवताना दात्यांना निळा रंग लावून ते कुठे घासतात ते पाहिले, पातळ पत्र्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. डाव्या चाकाशी रोज वेल्डर येऊन बसत होता. “आता बरोबर हाये,” असे तो दर वेळी म्हणायचा. शेवटी एकदा ते खरे निघाले.

वर्षावास लागला त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. गडचांदूर मागे पडले, घाट चढला, जिवतीच्या पुढे डांबर संपले. चढावर मागची चाके रुतायला लागली आणि पुढच्यांनी गाडी ओढून घेतली. खडकावर काही वाजले नाही. नाल्याचे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होते.

ताई दारात छत्री घेऊन उभी होती. तिच्या मागे एक पेटी आणि बांधलेली वळकटी दिसत होती.

“आली म्हन्जे,” ती म्हणाली.

“आली.”

तिने चिखलाने भरलेल्या पुढच्या चाकाला हात लावला. “गाडी वर येऊ नोये, असं नाई वाटलं तुले?”

“पिनियन बदलला मी.”

“ते काय असते?”

“काही नाही.”

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग आत जाऊन वळकटी सोडली आणि तिच्यातली सतरंजी विहारात अंथरायला घेतली. संध्याकाळी मी मागे, भिंतीशी बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून ती आवाज चढवून वाचत होती. पान उलटताना थांबली की सगळे थांबत.

सकाळी तिने डब्यात भाकरी आणि तुरीची डाळ दिली. “सांभाळून जाजो. अन् पौर्णिमेच्या पौर्णिमेले येत जाजो. आता तं गाडी हाये.”

“येईन.”

उतार सावकाश उतरलो. डांबर लागले तिथे गाडी थांबवली. पुढच्या चाकांचे इथून पुढे काम नव्हते. लिव्हर ओढला. तो एका हाताने, आवाज न करता सुटला.