घड्याळ पाचला हिरवं होत नव्हतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि आज सकाळपर्यंत नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? एकदा तोंड उघडलं आणि आता ते मिटत नाहीये, म्हणून असेल. जरा आडवळणानं येईन, तेवढं चालवून घ्या.

आमची यशू दोन-अडीच वर्षांची होती तेव्हा फार लवकर उठायची. लवकर म्हणजे, दूधवाल्याचाही पत्ता नसायचा. डोळे टक्क उघडे, केस उभे, आणि पलंगावरून उतरून थेट बाहेरच्या खोलीत — बाबांकडे. मिलिंद शहराबाहेर, वाडीला एका ट्रान्सपोर्ट गोदामात गाड्या भरण्याचं काम बघायचा. शहरात गर्दी व्हायच्या आत ट्रक बाहेर निघायला हवेत, म्हणून तो अंधारातच घर सोडायचा. परत यायचा तेव्हा यशू झोपलेली, म्हणून तो बाहेरच्या खोलीतच झोपायचा. म्हणजे बापलेकीची भेट व्हायची ती सकाळच्या त्या अर्ध्या तासातच. ती त्याच्या मांडीवर बसून टोस्ट चहात बुडवायची, निम्मा चहातच सांडायची. मग रॅकमधून त्याचे बूट आणायची — एका वेळी एकच, दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

आता तुम्ही म्हणाल, मग ती एवढ्या लवकर का उठते हे आईला कळू नये? कळत होतं हो. तेच तर सांगतेय.

तो गेला की ती दाराशी रडायची, आणि मग दिवसभराची किरकिर माझी. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर. दिवसभर समोर वैतागलेली माणसं, आणि माझे डोळे मिटायला आलेले. तेव्हा कोणीतरी त्या घड्याळाबद्दल सांगितलं. लाल दिवा असेल तोवर झोपून राहायचं, हिरवा झाला की उठायचं. लहान मुलांना वेळ कळत नाही, रंग कळतो.

एका रविवारी आम्ही दोघं मोबाईल घेऊन बसलो. एक घड्याळ सशाचं होतं — वेळ झाली की ससा डोळे उघडायचा. एकात सूर्य वर यायचा. आणि एक साधं, गोल, नुसता दिवा असलेलं. मिलिंदचा जीव सशावर जडला होता. "त्याचे कान पाह्य ना वं, पोट्टी खुश होऊन जाईन," हे त्याचं चार वेळा म्हणून झालं. मी म्हटलं, ती कानच उपटेल, साधं घेऊ. खरं कारण? सशात लावलेली वेळ समोरच मोठ्या आकड्यांत दिसायची. गोल घड्याळाची मागे झाकणाखाली होती. ती मुद्दाम पाहिल्याशिवाय कोणाला कळली नसती. त्या रविवारी माझ्या मनात काही होतं का? नव्हतं, असं म्हणायला फार सोपं आहे.

ठरलं असं की घड्याळ पाचला हिरवं करायचं, म्हणजे यशू त्याआधी उठणार नाही आणि बाबाही भेटेल. वर मी एक नियम घातला: आतल्या खोलीचं दार बाहेरून उघडायचं नाही, नाहीतर तिची सवय मोडेल. मिलिंद नियम पाळणारा माणूस. त्यानं तो पाळला.

पहिले काही दिवस मी खरंच पाचच लावले होते. यशू दोन दिवसांत शिकली. दिवा बदलला की "हिलवा!" असं ओरडायची आणि पळायची. मग एके दिवशी — त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं असंही नाही — मी झाकण उघडलं आणि साडेसहा केले. एकदाच, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मला तिच्याआधी जाग आली. मग ती उठून बसली. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. "लाल आए," ती स्वतःशीच कुजबुजली, आणि परत आडवी झाली. बाहेर गॅस पेटला, कप वाजला. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, आमच्या दाराच्या दिशेनं. तो तिची वाट पाहत होता. चहा संपवायला एवढा वेळ कोणाला लागतो? मग बूट. मग कडी. तिनं कूस बदलली आणि तोंड माझ्या पाठीत खुपसलं. रडली नाही. लाल असताना रडायचं नाही, हे मीच शिकवलं होतं.

आणि मी झोपले. गाढ झोपले.

ते "एकदाच" सगळा हिवाळा चाललं आणि उन्हाळ्यातही चाललं. मिलिंदला मी सांगितलं की घड्याळ पाचलाच हिरवं होतं, पण तिला झोप गोड लागते. त्याला आनंद झाला हो! "चांगलं झालं," म्हणाला, "झोप भेटून राहिली लेकराले." पुढे एकदा रात्री जेवताना म्हणाला, "माही सवय तुटली वाटते तिची." मी म्हटलं, "लेकरं अशीच असतात." भाजी वाढत म्हटलं, त्याच्याकडे न बघता. त्यानंतर खुर्ची सरकायची बंद झाली. निम्मा टोस्ट मात्र बशीत वाटीखाली झाकून ठेवायचा, तिच्यासाठी. त्यातला कधी कधी मीच खाल्ला.

झोपेसाठी केलं का? सुरुवातीला, हो. पण झोप भरून निघाल्यावरही मी झाकण उघडलं नाही. ती त्याच्याकडे जशी धावायची तशी माझ्याकडे कधी धावली नव्हती. दिवसभर सगळं मी करायचं आणि हसू त्याला — मला ते खुपायचं. मला तिचं तोंड माझ्या पाठीत हवं होतं. घड्याळानं ते मला मिळवून दिलं.

यशू आता दुसरीत आहे. उठवायला गदगदा हलवावं लागतं. मिलिंदची वेळ बदलली, तोही आता उजेडात घर सोडतो. काल उमरेडहून नणंदेचा फोन आला. तिचा धाकटा पहाटे उठून बसतो म्हणे. मिलिंदनं त्या घड्याळाची इतकी तारीफ केली की मी उठून स्वयंपाकघरात गेले. आज सकाळी तो उमरेडला निघाला होता. माळ्यावरून घड्याळ काढलं, पुसलं, सेल टाकले. एक बूट पायात, एक हातात, आणि मला विचारतो, "काहून वं, हे पाचलेच हिरवं होत होतं न? तेच लावून देतो तिले."

हो म्हणायचं होतं फक्त. एवढी वर्षं म्हणतच होते की.

"नाही," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. साडेसहा, दार, मिटलेले डोळे, टोस्टसुद्धा. मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. त्यानं घड्याळ उलटं करून मागचं झाकण उघडलं.

"म्हंजे... पोट्टी जागी राहे?"

"हो."

"रोज?"

"रोज. तुमच्या बुटांचा आवाज ऐके. कडी लागली की मंग झोपे."

तो हसला. डोळे भरले होते आणि हसत होता. "मले वाटलं, विसरली मले," म्हणाला. राग अजून यायचा असेल. यायला हवा. पण छातीवरचं ओझं उतरलं आहे, आणि हलकं वाटतंय, हे सांगायची लाज वाटत असली तरी.

मग तो उठला आणि आतल्या खोलीचं दार त्यानं स्वतः उघडलं. यशू हातपाय पसरून झोपली होती. त्यानं तिला उठवलं नाही. एक बूट हातात धरून नुसता उभा राहिला तिच्याकडे बघत, आणि मी दारातून ते बघितलं, डोळे न मिटता.