लोणावळ्याची ढाल

मेंढीकोट खेळताना नथू पानं कमी बघे, माणसं जास्त बघे. समोरच्यानं बदामाची राणी टाकताना हात जरा आखडला, की राजा कुणाकडं आहे ते त्याला कळे. एकदा पडलेलं पान तो विसरत नसे. वडिवळ्याच्या देवळात, कामशेतला भाताच्या गिरणीपाशी, वडगावला कोर्टाच्या तारखेसाठी ताटकळणाऱ्या लोकांत, जिथं चार माणसं पत्ते घेऊन बसत तिथं नथूचं नाव निघे. त्याचा भिडू रखमाजी, बांधाला बांध लागून शेत असलेला. पत्त्यात चार दश्श्या, त्यांनाच आमच्याकडं मेंढ्या म्हणतात. ज्या जोडीनं जास्त पकडल्या तिचा डाव. हे दोघं समोरासमोर बसले की तीन बैठकांतल्या दोन त्यांच्याच असत. लोक हे मानत. नथूही मानी, लोकांपेक्षा थोडं जास्तच.

पण लोणावळ्याची ढाल काही त्याच्या हाती लागत नव्हती. दर भादव्यात रेल्वेवाल्यांच्या गणपतीत मेंढीकोटाच्या स्पर्धा होत. खंडाळ्यापासून तळेगावापर्यंतच्या जोड्या येत, साठाच्या वरच. एक बैठक हरली की घरी. मांडवात गणपतीच्या बाजूला ती ढाल टांगलेली असे, लाकडाची, वर पितळेचा पत्रा, पत्र्यावर जिंकणाऱ्यांची नावं. त्या पत्र्यावर आपलं नाव एकदा उमटावं, एवढी एकच गोष्ट नथूनं आयुष्यात मनापासून मागितली होती. शेत मिळालं ते बापाकडून, बायको मिळाली ती मामाच्या शब्दावर. ढाल तेवढी त्याला स्वतःच्या डोक्यानं मिळवायची होती. दरसाल तो जाई, आणि दरसाल तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी पोरसवदा जोडी सगळे एक्के घेऊन बसलेली असे.

आणि एका भादव्यात ती ढाल शिदूनं आणली.

शिदू वरच्या ठाकरवाडीचा. लावणीला नथूच्या शेतावर येई, आणि दुपारच्या भाकरीनंतर आंब्याखाली नथूनंच त्याला पानं धरायला शिकवलं होतं. त्या दिवशी तो लोणावळ्याला बांबू घेऊन गेलेला. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर असलेल्या महिपतीचा भिडू तापानं पडला होता, मग महिपतीनं ओळखीचा म्हणून शिदूला ओढून बसवला. संध्याकाळी दोघं गुलालानं माखून कामशेतला उतरले.

महिपती म्हणाला, ढाल तुझ्याकडंच राहू दे. ती शिदूच्या कुडाला लागली. अख्खं वडिवळं बघायला वर चढलं. नथू गेला नाही. त्याची बायको बयाबाई मात्र जाऊन आली.

"कशी हाय?" त्यानं न राहवून विचारलं.

"चांगली हाय की. शिदूनं लगीच चा केला. म्हनतो, आबांनी शिकवलं म्हनून."

"आसं म्हनतो?"

"व्हय. तुमी गेला असता तर तुमालाच म्हनला असता."

त्या म्हणण्यानं नथूला बरं वाटायला हवं होतं. उलट ते झोंबलं. दिवाळीपर्यंत तो देवळात शिदूच्या मागं बसून त्याच्या चुका टिपत राहिला. चौकटचा राजा उगाच धरून ठेवला. भिडूचा हात होत असताना मेंढी टाकली नाही. हा माणूस जेवढे डाव जिंकतो तेवढेच हरतो, आणि ढाल याच्या कुडाला. नथूला ते दिसत होतं, आणि दुसऱ्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं, हे जास्त लागत होतं.

आषाढात लावणी आली. भाताची पहिली मूठ ज्याच्या हाताला गुण त्यानं लावायची, ही वडिवळ्याची रीत. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या खाचरात पहिली मूठ लावायला शिदूला बोलावणं गेलं. बयाबाईनंही बोलावलं. नथू बांधावर उभा राहून त्या चिखलातल्या काळ्या, लांब बोटांकडं बघत राहिला. पुढं भात सगळीकडंच चांगलं आलं. भादव्यात पोटरीला आलेली खाचरं वाऱ्यावर हलायला लागली. आणि पत्त्यात अक्कल लागते असं जन्मभर सांगत आलेल्या नथूच्या मनानं हळूच कूस बदलली. हातच आहे त्याचा, त्याला वाटलं. तो हात माझ्या समोर बसला पाहिजे.

तो ठाकरवाडीवर गेला. "शिदू, औंदा माजा भिडू हो."

शिदू दोर वळत होता, थांबला. "आन् रकमाजी आबा?"

"त्याला आता पान नीट दिसत न्हाई."

हे खोटं होतं. रखमाजीला समोरच्या डोंगरावरची शेळी कुणाची ते सांगता येई.

"त्येंनी सांगितलं तसं?"

"मी सांगतोय न्हवं."

शिदूनं दोर पुन्हा वळायला घेतला. मग म्हणाला, "बरं. पर माजा हात बित काय न्हाई हां, आबा. भाताला माती हाय, पानी हाय. पत्त्याला मी काय करनार?"

नथूला तो नम्रपणा वाटला.

लोणावळ्याला दोघं पहिल्याच बैठकीत हरले. बाजारपेठेतले दोन वाणी, खेळायचं धड माहीत नाही, पण हुकमाची पानं त्यांच्याकडं ओळीनं आलेली. शिदूच्या हातात दुर्री, तिर्री, चव्वी. नथूनं होतं तेवढं सगळं डोकं लावलं, तरी चारांतल्या तीन मेंढ्या पलीकडं गेल्या. परत येताना गाडीत शिदू शेंगा फोडत बसला होता.

"पानंच आली न्हाईत," तो म्हणाला, आणि अर्ध्या शेंगा नथूपुढं केल्या.

दरसाल नथू हेच बोलत आला होता. स्वतःच्या तोंडी ते अन्याय वाटे. शिदूच्या तोंडी ते नुसतं खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो रखमाजीच्या ओसरीवर गेला. रखमाजी साठवणीतल्या चिंचा फोडत होता, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. बस म्हणाला नाही. नथू बसला.

"वाटेवर म्हशी आल्यात," रखमाजी म्हणाला. "मला दिसत न्हाईत, तू सांग कुनाच्या."



रखमाजीनं मूठभर चिंचोके पुढं सारले. "ही आपली सालं धर. पयली बैठक. आपन तिनात दोन जिंकतो. तर तिनातला एक काढ."

नथूनं काढले.

"आता दुसरी. उरल्यात त्यातलं पुन्हा तिनात एक."

सहा बैठका होईतो ढीग उतरत गेला. तेहतीस चिंचोके घेतले होते, शेवटी तीन राहिले.

"म्हंजे अकरा सालांत एकदा," रखमाजी म्हणाला. "आनी ते आपन चांगलं खेळतो म्हनून. तू धा सालं जळतोयस."

नथू वाकून बसला. "म्हंजे औंदा आपली पाळी व्हती?"

"पाळी नसती रं. चिंचोक्याला काय ठावं, मागल्या साली कोन उरला?"

"मग शिदू? त्यो तर दोनात एक जिंकतो. त्याला तर जन्मात मिळायची न्हाई."

"न्हाईच. पर ढाल दरसाल कुनीतरी नेतोच ना? साठ जोड्यांतली एक उरनारच. त्या साली ती शिदूची उरली. त्यानं तुजी न्हाई नेली, नथू. तुज्याकडं ती न्हवतीच."

अंगणात कोंबड्या चिंचांच्या सालीत चोची मारत होत्या. नथूला वाटलं आपलं काहीतरी हिसकावून घेतलं; वर्षभर उराशी धरलेली चीड, तिला बसायला आता जागा राहिली नव्हती. ती गेली मात्र नाही.

"पुढल्या साली बसशील का माज्यासमोर?" त्यानं खाली बघत विचारलं.

"तू देवळात सांग, चौघांसमोर. मंग बघू."

ते सांगायला नथूला तीन आठवडे लागले. दोनदा देवळापर्यंत जाऊन तो माघारी आला. शेवटी एका दुपारी खेळ चालू असताना उभ्या उभ्या म्हणाला, "रकमाचं डोळं चांगलं हायत. मी खोटं बोललो शिदूला." शिदूनं सरकून घोंगडीवर जागा केली, आणि रखमाजीनं पानं वाटायला घेतली.

पुढच्या भादव्यात दोघं पुन्हा समोरासमोर बसले आणि पाचव्या बैठकीत हरले. एरवी हरलं की नथू उठून स्टेशनाची वाट धरी. त्या दिवशी तो शेवटपर्यंत थांबला. ढाल खंडाळ्याच्या एका न्हाव्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं घेतली.

"मेव्हन्यानं गुलाम उगाच घालवला," नथू म्हणाला.

"व्हय."

"तरी जिंकला."

"व्हय. पुढल्या साली यायचं का?"

न्हाव्याच्या गळ्यात झेंडूचा हार पडत होता, आणि नथूच्या छातीत तेच जुनं जळजळत होतं, थोडंसुद्धा कमी नाही. हार पूर्ण गळ्यात पडेपर्यंत तो बघत राहिला.

"यायचं," तो म्हणाला.