अगर पिकलं का?

कळंबच्या बाजूला बापू, शिवाप्पा आणि मी अशा आम्ही तिघांनी अगरची झाडं लावली आणि तेव्हापासून आमच्याकडं दुसरा विषयच उरला नाही. किस्से आपोआप साठत गेले, कारण धीर धरणं आमच्यातल्या एकालाही जमत नाही.

खोडाला भोक पाडून औषध भरलं की आत हळूहळू राळ धरते, लाकूड काळं पडतं आणि जाळलं की सुगंध येतो. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. घाई करून तोडलं तर हाती नुसतं जळण! बापूंनी तर सगळं रानच अगरला दिलेलं. त्यांची झोप उडाली होती.

*

बापूंनी रोपं विकणाऱ्याला फोन लावला. "पानं पिवळी पडली की समजायचं," तो म्हणाला.

शेजारी शिवाप्पा बसला होता. "त्याला सांगा, उन्हाळ्यात इथं माणसंबी पिवळी पडत्यात."

*

मग बापूंनी ड्रिल मशीन आणलं. दर बाजाराच्या दिवशी झाडाला नवं भोक, हातात भुसा आणि आम्हाला फोन.

बापूंची बायको, म्हणजे आमच्या काकू, वैतागल्या. "सारखं झाकण काढून बघितलं तर भात तरी शिजंल का?"

बापूंनी त्या दिवशी दोन भोकं पाडली.

*

शिवाप्पानं आपल्या झाडाचा भुसा घरी निखाऱ्यावर टाकला. धूर बघून त्याच्या आईनं भक्तिभावानं हात जोडले. यानं लगेच मला फोन केला, "पिकलं!"

संध्याकाळी आईनं डासांच्या कॉइललाही हात जोडले.

*

बापू भुसा जाळून आधी आमच्या नाकाशी धरायचे. "येतोय का?" त्यांचं तोंड बघून नाही म्हणवत नसे. मला नुसता धूर लागायचा, तरी मी "येतोय की थोडा" म्हणायचो. शिवाप्पा डोळे मिटून "लई भारी" म्हणायचा.

*

परवा सकाळी कळलं, बापूंनी तोडणीला माणसं बोलावलीत. सगळं रान एकदम! आम्ही गाडी काढून पळालो. बापू पहिल्या झाडापाशी कुऱ्हाड घेऊन उभे होते.

"बापू, जरा थांबा," शिवाप्पा म्हणाला. "तुमाला सोताला कसा वाटला वास?"

"मला?" बापू म्हणाले. "करोना झाल्यापासनं मला कुठं वास येतोय? तुमच्या नाकाच्या भरवशावर तर माणसं बोलावली."

शिवाप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी झाडाकडं.

बापूंनी कुऱ्हाड उचलली.