जर्मन संगीतकाराच्या टेपा आणि माझं ‘नको नको’

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावातले समस्त मराठी काका लोक आधी हसतात, मग माझ्या व्हिसाची चौकशी करतात. विषय आहे युद्धानंतरच्या जर्मनीत सिनेमांना संगीत देणारा एक माणूस. डोंगरातली प्रेमप्रकरणं, खून, काउबॉय, जे दारात येईल त्याला त्यानं चाल लावून दिली. तीच धून नायिकेच्या लग्नात संथ आणि घोडे पळवायला जलद! आता त्याला कुत्रंही विचारत नाही. मला मात्र तो मनापासून आवडतो.

त्याची मुलगी इथून चार-पाच तासांवरच्या फ्रिस्को गावात राहते असं कळलं आणि तिनं भेटायला बोलावलंही. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी जिच्याकडे राहतो त्या काकूनं चिवड्याचा डबा दिला. मुलगी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या बाई निघाल्या. कॉफी झाल्यावर त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. तिथे वडिलांच्या टेपांची खोकी रचून ठेवलेली होती, कुणीही न ऐकलेलं काम. त्या टेपांशिवाय माझा प्रबंध म्हणजे नुसत्या चकाट्या.

“घेऊन जा हे सगळं,” त्या म्हणाल्या.

“छे छे, नको नको, कशाला उगाच!” माझ्या तोंडून निघून गेलं. पहिल्याच आग्रहाला हो म्हणायला मी काय हावरट आहे? मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो. बाईंनी मान डोलावली, दिवा बंद केला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. मग गुरुवारी कचऱ्याच्या गाडीत देते.”

आणि मी चक्क आभार मानून बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरून काकूला फोन लावला.

“अरे गाढवा, हे लोक एकदाच ऑफर करतात! आधी यू-टर्न मार!”

लाज गुंडाळून ठेवली आणि पुन्हा बेल दाबली. “मला हव्यात त्या टेपा. सगळ्या.”

“मग मघाशी नको का म्हणालात?”

मी आमची आग्रहाची पद्धत सांगितली, पंगतीतल्या जिलेबीसकट. वाटलं, हसतील. तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल झालेले, बहुधा मी गेल्यापासूनच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला वाटलं,” त्या म्हणाल्या, “बाबांचं संगीत ऐकणारा एकच माणूस उरलाय, आणि त्यालाही ते नकोय.”