बिल्ला त्यांच्याच हातून

डूख धरणं वाईट, असं सगळे सांगतात. मी मात्र चांगला वर्षभर धरला आणि त्याच्याच जोरावर अभ्यास केला.

आर्णीच्या आमच्या हायस्कुलात गुणवंत मंडळ होतं. निकाल लागला की प्रत्येक वर्गातल्या पहिल्या दोघांना त्यात घेत. आठवीत मी दुसरी आले, तरी मला वगळलं. हजेरीपट घेऊन मी मुख्याध्यापकांच्या दाराशी उभी होते, तेव्हा आत विज्ञानाचे सर सांगत होते, "तांड्यातली पोरगी आहे ते. दहावीच्या आधी लग्न होऊन जाईन. एक जागा कायले वाया घालवता?" मुख्याध्यापकांनी मान डोलावली. घरी मी सांगितलं, मार्क कमी पडले. खरं कळलं असतं तर बाबा कितीतरी दिवस कोणाशी बोलले नसते.

नववीत मी पहिली आले. आता नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. मंडळाची एक रीत होती. मंडळात घेताना मिळणारा बिल्ला कोणाच्या हातून लावून घ्यायचा ते विद्यार्थ्याने सांगायचं आणि लावणाऱ्याने माईकवर त्याचे गुण सांगायचे. बाकीच्यांनी आपापल्या आवडत्या बाईंचं नाव घेतलं. मी विज्ञानाच्या सरांचं घेतलं. माझं कौतुक त्यांच्याच घशातून ओढून काढायचं होतं मला.

पण सर बेरकी निघाले. समारंभात स्टेजवर मला बिल्ला लावून ते म्हणाले, "या मुलीचे गुण मी केव्हाच ओळखले होते. मुख्याध्यापकांकडे शब्दही मीच टाकला होता." टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वचपा काढायला गेले आणि त्यांचाच सत्कार करून बसले!

तेवढ्यात पालकांच्या रांगेतून बाबा उठून स्टेजवर आले. डोळे भरलेले. टोपी काढून ते सरांच्या पायाशी वाकायला लागले. ते मात्र मला बघवलं नाही.

"बाबा, वाकू नका," मी ओरडले. "यायनंच मले मागच्या साली मंडळात येऊ देलं नाही. तांड्यातली पोरगी, लग्न होऊन जाईन, जागा वाया जाईन म्हणे. म्या माह्या कानानं ऐकलं."

सरांच्या हातातला माईक चालूच होता. सगळ्या मैदानाने ते ऐकलं. बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि हळूच विचारलं, "असं काहून म्हणलते, सर?"

सर माईकचं बटण चाचपायला लागले. बाबा उत्तरासाठी थांबून राहिले. मी सरांचा चेहरा पोटभर बघून घेतला.